लॉर्ड कर्झन : आयुष्य, घराणं आणि खिताब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वंगभंगामुळे लॉर्ड कर्झन आपल्याला शाळेपासून माहीत असतो, पण त्याच्या घराण्याचा विषय निघाला की गोंधळ उडतो. तो ‘लॉर्ड’ होता तर खासदारकीची निवडणूक कशी लढला? मुलगा नव्हता, तर खिताब कुणाकडे गेला? लंडनमध्ये मारला गेलेला कर्झन वायली त्याचा कोण? या पानावर अशा प्रश्नांची उत्तरं आहेत. आमचं स्पष्ट मत आहे की कर्झनचे खिताब तारखांसकट नीट लावून घेतल्याशिवाय त्याचं राजकारण उलगडत नाही. खिताबाने त्याला वर नेलं, आणि ब्रिटनचं पंतप्रधानपद ज्या कारणाने हुकलं तेही खिताबाशीच निगडित होतं.

आधी थोडक्यात : कर्झन कोण होता?

जॉर्ज नथॅनियल कर्झन. जन्म ११ जानेवारी १८५९, इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातल्या केडलस्टन हॉल या वाड्यात. मृत्यू २० मार्च १९२५, लंडन. हुजूर पक्षाचा राजकारणी, १८९९ ते १९०५ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, पहिल्या महायुद्धात युद्ध मंत्रिमंडळाचा सदस्य आणि ऑक्टोबर १९१९ ते जानेवारी १९२४ ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री.

घराणं कितपत जुनं? आणि श्रीमंत होतं का?

जुनं फार, श्रीमंत बेताचं. कर्झन मंडळी बाराव्या शतकापासून केडलस्टनला आहेत. नॉर्मन काळातल्या इतक्या जुन्या घराण्याला उमरावपद मात्र उशिरा, १७६१ मध्ये मिळालं. त्या वर्षी नथॅनियल कर्झन पहिला बॅरन स्कार्सडेल झाला. त्याआधी घराण्याकडे बॅरोनेट हा वंशपरंपरागत खिताब होता, पण बॅरोनेटला लॉर्ड्स या संसदेच्या उमरावांच्या सभागृहात जागा नसते.

आजचा वाडा याच पहिल्या बॅरनचा. १७५९ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि तरुण रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने त्याला आजचं रूप दिलं. आतल्या मार्बल हॉलमध्ये अलाबास्टर दगडाचे २० खांब आहेत. मूळ आराखड्यात चार बाजूंना चार उपवाडे होते, प्रत्यक्षात दोनच उभे राहिले. एवढा डोलारा सांभाळण्याइतकं जमिनीचं उत्पन्न घराण्याकडे नव्हतं. कर्झनच्या दोन्ही लग्नांत पैशाचा मुद्दा का येतो, ते इथून समजतं.

कलकत्त्याचं राजभवन केडलस्टनची नक्कल आहे, हे खरं का?

खरं आहे. लॉर्ड वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात कलकत्त्यात गव्हर्न्मेंट हाउस बांधलं, तेव्हा कॅप्टन चार्ल्स वायट याने केडलस्टनचा आराखडा समोर ठेवला होता. हुबेहूब नक्कल मात्र नाही. केडलस्टनला अपुरे राहिलेले चारही उपवाडे कलकत्त्यात पूर्ण झाले. म्हणजे व्हाइसरॉय होऊन कर्झन राहायला गेला तो आपल्याच घराच्या मोठ्या आवृत्तीत. हीच वास्तू आज पश्चिम बंगालच्या राज्यपालांचं निवासस्थान आहे.

आईवडील आणि बालपण?

वडील रेव्हरंड अल्फ्रेड कर्झन, चौथे बॅरन स्कार्सडेल. ते उमरावही होते आणि केडलस्टनच्या चर्चचे धर्मगुरूही. आईचं नाव ब्लांश. अकरा भावंडांत जॉर्ज दुसरा आणि मुलग्यांत थोरला, म्हणून गादीचा वारस. पाठोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेली आई १८७५ मध्ये वारली, तेव्हा तो १६ वर्षांचा होता.

लहानपणी मुलांचा ताबा मिस पॅरामन नावाच्या शिक्षिकेकडे होता. तिच्या शिक्षा भयंकर होत्या. खोटारडा, भेकड असे शब्द लिहिलेली उंच टोपी घालून ती मुलांना गावातून फिरायला लावी. पुढे ईटन आणि ऑक्सफर्डचं बेलियल कॉलेज. १८८० मध्ये तो ऑक्सफर्ड युनियनचा अध्यक्ष झाला. अंतिम परीक्षेत पहिला वर्ग मात्र हुकला आणि ते त्याला फार लागलं. त्यानंतर १८८३ मध्ये ऑल सोल्स कॉलेजची फेलोशिप त्याने मिळवलीच.

तो नेहमी ताठ का दिसतो?

किशोरवयात घोड्यावरून पडून पाठीला इजा झाली आणि पुढे कण्याचा त्रास जडला. जन्मभर त्याला धातूचा आधारपट्टा कपड्यांच्या आत बांधावा लागला. छायाचित्रांतला तो ताठा लोकांना गर्व वाटे. स्वभावात गर्व होताच, पण ताठ उभं राहण्यामागे दुखणंही होतं. बेलियलमधल्या विद्यार्थ्यांनी त्याच्या श्रेष्ठपणाच्या तोऱ्यावर दोन ओळींचं विडंबन रचलं. ते आयुष्यभर त्याला चिकटलं.

लॉर्डचा मुलगा खासदार कसा होऊ शकला?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ब्रिटनमध्ये उमराव असतो तो खिताबाचा प्रत्यक्ष धारक, एकटाच. त्याची बायकामुलं कायद्याने सामान्य नागरिक असतात. त्या काळी वडील जिवंत असेपर्यंत मुलगा कॉमन्सची, म्हणजे संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहाची, निवडणूक लढवू शके, कारण तो स्वतः उमराव नसे. बॅरनच्या मुलाला नावामागे ‘ऑनरेबल’ एवढंच लावता येतं.

त्याप्रमाणे कर्झन १८८५ मध्ये दक्षिण डर्बीशायरमधून उभा राहिला आणि हरला. १८८६ मध्ये लँकेशायरमधल्या साउथपोर्टमधून निवडून आला आणि १८९८ पर्यंत तिथला खासदार राहिला. या काळात १८९१-९२ मध्ये तो हिंदुस्थान खात्याचा आणि १८९५ ते १८९८ परराष्ट्र खात्याचा उपमंत्री होता. मधल्या वर्षांत मध्य आशिया, पर्शिया, कोरिया, सयाम, पामीर आणि अफगाणिस्तान पालथं घातलं. ऑक्सस नदीच्या उगमासंबंधीच्या कामासाठी रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं.

पण डोक्यावर टांगती तलवार होती. वडील वारले की त्या क्षणी तो बॅरन होणार आणि कॉमन्समधली जागा जाणार, इच्छा असो वा नसो. खिताब नाकारायची सोयच कायद्यात नव्हती. म्हणून सेंट जॉन ब्रॉड्रिक आणि लॉर्ड वुल्मर या समदुःखी मित्रांसोबत त्याने १८९०च्या दशकात खटपट केली की उमरावपद वारशाने आलं तरी कॉमन्समध्ये बसता यावं. ती फसली. हा हक्क थेट १९६३च्या कायद्याने मिळाला. ब्रॉड्रिकचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १८९८ मध्ये त्याने आयर्लंडचा खिताब का घेतला? त्याचा आयर्लंडशी काय संबंध?

संबंध काहीच नव्हता, आणि नेमकी तीच सोय होती. व्हाइसरॉय म्हणून जाणाऱ्याला उमरावपद द्यायची प्रथा होती. कर्झन तेव्हा जेमतेम ३९ वर्षांचा. युनायटेड किंग्डमचा खिताब घेतला असता तर तो कायमचा लॉर्ड्समध्ये अडकला असता आणि परतल्यावर कॉमन्सचं दार बंद झालं असतं. आयर्लंडच्या उमरावांना मात्र लॉर्ड्समध्ये आपोआप जागा नसे. त्यांना आयर्लंडबाहेरच्या मतदारसंघातून कॉमन्सची निवडणूक लढता येई. लॉर्ड पामरस्टन असाच आयरिश उमराव असून अनेक वर्षं कॉमन्समध्ये होता.

त्यामुळे तो ‘केडलस्टनचा बॅरन कर्झन’ झाला, पण आयर्लंडच्या यादीत. आयर्लंडच्या यादीतला हा शेवटचा नवा खिताब. तिथून पुढे त्याला ‘लॉर्ड कर्झन’ म्हणू लागले. वडील तेव्हा हयात होते आणि स्वतः ‘लॉर्ड स्कार्सडेल’ होते. बाप-लेक दोघेही लॉर्ड, पण वेगवेगळ्या खिताबांनी, हे ध्यानात ठेवलं की त्या काळची पत्रं वाचताना घोळ होत नाही.

पहिली पत्नी अमेरिकन होती का?

होय. मेरी व्हिक्टोरिया लाइटर, जन्म १८७०. वडील लेव्हाय लाइटर हे शिकागोचे व्यापारी, मार्शल फील्ड यांचे एके काळचे भागीदार. लग्न २२ एप्रिल १८९५ रोजी वॉशिंग्टनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये झालं. सासऱ्यांनी मोठी रक्कम मुलीच्या आणि होणाऱ्या नातवंडांच्या नावे विश्वस्तनिधीत ठेवली. त्या काळी अमेरिकन पैसा आणि इंग्रज खिताब अशी लग्नं बरीच होत, आणि हे लग्नही त्यातलंच, असं सहज म्हटलं जातं. आम्हाला ते अर्धवट वाटतं. दोघांचा पत्रव्यवहार वाचला की एकमेकांवरचा जीव दिसतो.

व्हाइसरॉयची पत्नी म्हणून मेरीने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीच्या कामात लक्ष घातलं. बंगळूरचं बोअरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालय तिच्या नावाचं. काझीरंग्यातले गेंडे वाचवायला हवेत हे तिनेच नवऱ्याच्या मनावर बिंबवलं, असं सांगितलं जातं. तिथल्या राखीव वनाची सुरुवात १९०५ची.

सप्टेंबर १९०४ मध्ये, इंग्लंडला असताना, गर्भपातानंतर जंतुसंसर्ग होऊन ती मरणाच्या दारातून परतली. १८ जुलै १९०६ रोजी लंडनमध्ये ती वारली. वय ३६. केडलस्टनच्या चर्चमध्ये कर्झनने तिच्यासाठी स्मारक-दालन बांधून घेतलं. वास्तुविशारद बॉडली, संगमरवरी पुतळे बर्ट्राम मॅकेनल यांचे. तिच्या पुतळ्याशेजारी आपलाही पुतळा त्याने हयातीतच करवून घेतला.

तो प्रसिद्ध मोराचा पोशाख नेमका कसला?

१ जानेवारी १९०३चा दिल्ली दरबार सातवा एडवर्ड गादीवर आल्याबद्दल होता. त्या सोहळ्यातल्या नृत्यसमारंभात मेरीने हा पोशाख घातला. कापडावरचं सोन्याचांदीच्या जरीचं भरतकाम हिंदुस्थानी कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या पेढीची. मोरपिसांचे एकमेकांवर चढवलेले डोळे सबंध कापडभर आहेत आणि प्रत्येक डोळ्याच्या मध्यभागी हिरव्या-निळ्या भुंगेऱ्याचं कडक पंख टाचलेलं आहे. दिव्यांच्या उजेडात ते पाचूसारखं चमके, म्हणून पाहणाऱ्यांना खरे पाचू वाटले. वजन सुमारे साडेचार किलो.

शंभर वर्षांत धातूची जर काळवंडली, पण भुंगेऱ्यांचे पंख अजून लखलखतात. पोशाख केडलस्टनला जपलेला आहे. कौतुक करताना नाव वर्थचं घेतलं जातं. खरी कमाल जरदोजीची आहे, आणि त्या कारागिरांचा उल्लेख आधी व्हायला हवा.

व्हाइसरॉय म्हणून त्याचा महाराष्ट्राशी काय संबंध आला?

तीन ठिकाणी थेट आला.

पहिला, दुष्काळ. तो डिसेंबर १८९८ अखेर मुंबईला उतरला आणि जानेवारी १८९९ मध्ये कारभार हाती घेतला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. १८९९-१९०० चा दुष्काळ मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला फार बसला. दुष्काळी कामांवर आणि मदतीवर एका वेळी ५० लाखांहून अधिक माणसं होती. कर्झन स्वतः दुष्काळी भागांत फिरला. पण मदत सढळ झाली तर तिजोरीवर ताण येईल आणि लोक परावलंबी होतील, असं बजावत त्याने मदतीचे निकष कडक करायला लावले. हा डाग त्याच्या कारकिर्दीवरून पुसता येणार नाही.

दुसरा, वऱ्हाड. हा प्रांत हैदराबादच्या निजामाचा, पण १८५३ पासून कंटिन्जंट फौजेच्या (निजामासाठी इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या) खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात होता. खर्च वजा जाता उरलेला महसूल निजामाला द्यायचा, असं ठरलेलं होतं, आणि त्या हिशोबावरून वाद चालत. मार्च १९०२ मध्ये कर्झन हैदराबादला जाऊन निजाम महबूब अली खान यांना भेटला. नोव्हेंबर १९०२ मध्ये करार झाला : वऱ्हाडावर निजामाचं सार्वभौमत्व नावापुरतं कायम, प्रांत इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने, आणि बदल्यात दरसाल २५ लाख रुपये. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हे जोडनाव तिथून आलं. वंगभंगाच्या गदारोळात हा करार मागे पडतो, पण विदर्भाच्या इतिहासाला तो जास्त जवळचा आहे.

तिसरा, गोपाळ कृष्ण गोखले. गोखले १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात होते. अर्थसंकल्पातली शिल्लक म्हणजे सुबत्ता नव्हे, करांचं ओझं जास्त असल्याचा तो पुरावा आहे, असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०५ मध्ये दीडवर. प्राप्तिकर माफीची मर्यादा ५०० वरून १,००० रुपये झाली. १९०४ मध्ये गोखल्यांना सी.आय.ई. ही पदवी कर्झनच्याच काळात मिळाली. तरीही विद्यापीठ कायदा आणि वंगभंग यांवर गोखल्यांनी त्याला सोडलं नाही. १९०५च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी कर्झनच्या राजवटीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. मवाळ म्हणवल्या जाणाऱ्या माणसाने केलेली ही तुलना, म्हणून तिचं वजन मोठं.

त्याने केलेलं एखादं काम आजही उपयोगी आहे का?

पुरातत्त्व. १९०२ मध्ये जॉन मार्शल यांना पुरातत्त्व खात्याचे महासंचालक नेमलं आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला. ताजमहालाच्या आवारातली डागडुजी त्याने जातीने पाहिली. आत टांगलेला दिवा त्यानेच कैरोहून बनवून घेऊन दिला. इंग्लंडला परतल्यावर टॅटरशॉल आणि बोडियम हे दोन पडके किल्ले स्वतःच्या पैशाने विकत घेऊन दुरुस्त केले आणि मृत्युपत्राने राष्ट्राच्या हवाली केले. या एका बाबतीत त्याला मोकळ्या मनाने श्रेय द्यावं.

वंगभंगामुळे त्याला राजीनामा द्यावा लागला ना?

नाही. हा समज फार पसरलेला आहे. राजीनामा ऑगस्ट १९०५चा, वंगभंग अमलात आला १६ ऑक्टोबर १९०५ ला. भांडण सरसेनापती किचनरशी होतं. व्हाइसरॉयच्या मंडळात लष्करी सदस्य आणि सरसेनापती अशी दोन वेगळी माणसं असत. किचनरला लष्करी सदस्याचं पद नको होतं, सगळा लष्करी कारभार आपल्या हाती हवा होता. कर्झनचं म्हणणं, मुलकी सत्तेला लष्कराबाबत स्वतंत्र सल्ला मिळालाच पाहिजे. लंडनमध्ये हिंदुस्थानमंत्री होता ब्रॉड्रिक, तोच जुना मित्र. त्याने तडजोडीच्या नावाखाली किचनरची बाजू उचलून धरली. कर्झनने सुचवलेल्या माणसाची नेमणूक नाकारली गेली आणि त्याने राजीनामा तारेने पाठवला. नोव्हेंबरमध्ये लॉर्ड मिंटोने सूत्रं घेतली. दोन मित्रांची मैत्री पुन्हा जुळली नाही.

परतल्यावर तो लॉर्ड्समध्ये कसा गेला? त्याचे सगळे खिताब क्रमाने सांगाल का?

परतल्यावर व्हाइसरॉयला मिळणारा मोठा खिताब त्याला लगेच मिळाला नाही, आणि कॉमन्समध्येही तो गेला नाही. बाहेर काही वर्षं काढल्यावर मार्ग सापडला तो पुन्हा आयर्लंडचाच. आयर्लंडचे उमराव आपल्यातून २८ प्रतिनिधी तहहयात निवडून लॉर्ड्समध्ये पाठवत. १९०८ मध्ये कर्झन त्यांपैकी एक झाला. क्रम असा (उमरावांच्या पायऱ्या खालून वर : बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक) :

१८९८ : बॅरन कर्झन ऑफ केडलस्टन (आयर्लंड).
१९०८ : आयरिश प्रतिनिधी म्हणून लॉर्ड्समध्ये प्रवेश.
१९११ : पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त एकदम तीन : अर्ल कर्झन ऑफ केडलस्टन, व्हायकाउंट स्कार्सडेल आणि बॅरन रेव्हन्सडेल.
१९१६ : वडील वारले, म्हणून पाचवा बॅरन स्कार्सडेल. याच वर्षी ऑर्डर ऑफ द गार्टर हा सरदारकीचा सर्वोच्च सन्मान.
१९२१ : मार्क्वेस कर्झन ऑफ केडलस्टन.

यातलं १९११ साल नीट पाहा. एकाच दिवशी तीन खिताब कशाला? कारण तिघांचे वारसानियम मुद्दाम वेगळे ठेवले होते. मेरी वारली होती, मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. अर्लपद फक्त स्वतःच्या मुलग्याला जाऊ शकणार होतं. व्हायकाउंट स्कार्सडेलचा खिताब वडिलांच्या पुरुष वंशजांना, म्हणजे भाऊ-पुतण्यांना जाणार होता. आणि बॅरन रेव्हन्सडेल मुलींना व त्यांच्या मुलग्यांना. घराणं आणि मुली दोघांचीही सोय त्या एका राजपत्रात लावलेली होती.

तीन मुलींचं पुढे काय झालं?

आयरीन (१८९६–१९६६), सिंथिया (१८९८–१९३३) आणि अलेक्झांड्रा (१९०४–१९९५). धाकटीचं मधलं नाव नालदेरा, शिमल्याजवळच्या ठिकाणावरून. वडील अर्ल झाल्यापासून त्या ‘लेडी आयरीन’, ‘लेडी सिंथिया’ अशा ओळखल्या जाऊ लागल्या.

सज्ञान झाल्यावर मुलींनी आजोबांच्या निधीतलं आपलं उत्पन्न आपल्या हाती मागितलं. तोवर ते घरखर्चात आणि वाड्यांच्या देखभालीत जात होतं. यावरून वडिलांशी जे फाटलं ते धड सांधलंच नाही.

सिंथियाने मे १९२० मध्ये ऑस्वल्ड मोझलीशी लग्न केलं. व्हाइसरॉयची ही मुलगी १९२९ मध्ये स्टोकमधून मजूर पक्षाची खासदार झाली. मोझली पुढे ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता झाला. सिंथिया मात्र मे १९३३ मध्ये अपेंडिक्स फुटल्यानंतरच्या जंतुसंसर्गाने वारली, वय अवघं ३४. तिच्या मुलांचा सांभाळ बराचसा आयरीनने केला. अलेक्झांड्राने १९२५ मध्ये ‘फ्रूटी’ मेटकाफशी लग्न केलं. आठव्या एडवर्डने गादी सोडून १९३७ मध्ये लग्न केलं तेव्हा करवला हाच मेटकाफ होता. अलेक्झांड्रा पुढे ‘सेव्ह द चिल्ड्रन’साठी दीर्घकाळ राबली.

दुसरी पत्नीही अमेरिकन?

तीही. ग्रेस हाइंड्स, जन्म अलाबामाचा, ब्वेनोस आयरेसच्या आल्फ्रेडो डगन यांची विधवा, श्रीमंत, तीन मुलांची आई. लग्न जानेवारी १९१७. त्याआधी आठेक वर्षं लेखिका एलिनॉर ग्लिनशी कर्झनचे संबंध होते. साखरपुड्याची बातमी तिला वर्तमानपत्रातून कळली. ग्रेसकडून मुलगा होईल ही कर्झनची आशा फळली नाही.

स्त्रियांच्या मताधिकाराला त्याचा विरोध होता ना?

जोरदार. विरोधी संघटनेचा तो अध्यक्षही होता. पण १९१८ मध्ये विधेयक लॉर्ड्समध्ये आलं तेव्हा, सभागृहाचा नेता असल्याने, कॉमन्सशी संघर्ष नको म्हणून त्याने मतदानात भाग घेतला नाही. त्याच्या मागे उभे राहिलेले विरोधक खवळले आणि विधेयक पार पडलं. अकरा वर्षांनी सिंथिया खासदार झाली ती याच सुधारणांच्या वाटेने.

१९२३ मध्ये पंतप्रधानपद नेमकं कसं हुकलं?

२० मे १९२३ रोजी पंतप्रधान बोनर लॉ यांनी घशाच्या कर्करोगामुळे राजीनामा दिला आणि वारसाबद्दल राजाला सल्ला देण्याचं टाळलं. हुजूर पक्षात तेव्हा नेता निवडण्यासाठी मतदान नसे. राजा जाणत्यांना विचारून बोलावणं धाडी. कर्झन सर्वांत ज्येष्ठ, परराष्ट्रमंत्री, पंतप्रधानांच्या अनुपस्थितीत मंत्रिमंडळाच्या बैठका चालवणारा. दुसरं नाव अर्थमंत्री स्टॅन्ली बाल्डविन, अनुभवाने बराच कमी.

सुट्टीमुळे कर्झन सॉमरसेटमधल्या माँटाक्यूट या भाड्याच्या वाड्यात होता. तिथे टेलिफोन नव्हता. राजाचे सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांची तार आली, भेटायला या म्हणून. तिचा एकच अर्थ होऊ शकतो असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी, २२ मे रोजी, आगगाडीने लंडन गाठलं. वाटेत पत्नीशी मंत्रिमंडळाच्या रचनेची चर्चाही झाली. घरी स्टॅमफर्डहॅम आले आणि त्यांनी सांगितलं की राजाने बाल्डविनला निवडलं आहे. कर्झनच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कारण काय दिलं गेलं? पंतप्रधान कॉमन्समध्येच हवा. प्रमुख विरोधी पक्ष आता मजूर पक्ष होता आणि लॉर्ड्समध्ये त्याला जवळपास कुणीच नव्हतं. देशाच्या सरकारचा प्रमुख विरोधकांना उत्तर द्यायला समोर नसेल तर कसं चालायचं? स्वभावाबद्दलच्या तक्रारी होत्याच. बाल्फोरसारख्या ज्येष्ठाचा सल्ला विरोधात गेला. तरीही उमरावपदाचा मुद्दा केवळ सबब होता, असं आम्हाला वाटत नाही. १९०२ मध्ये सॉल्झबरी पायउतार झाल्यानंतर लॉर्ड्समधून कुणी पंतप्रधान झालं नव्हतं. १९६३ मध्ये अर्ल ऑफ होम पंतप्रधान झाले तेही चार दिवसांत खिताब सोडून, त्याच वर्षीच्या नव्या कायद्याच्या आधारे. तरुण कर्झनने मागितलेली मोकळीक यायला सत्तर वर्षं लागली.

एक गोष्ट नोंदवायला हवी. सहा दिवसांनी, पक्षाच्या सभेत बाल्डविनच्या नावाचा ठराव स्वतः कर्झनने मांडला, आणि तो परराष्ट्रमंत्री म्हणून काम करत राहिला.

मृत्यूनंतर खिताब कुणाला गेले?

मार्च १९२५ मध्ये केंब्रिजला असताना मूत्राशयातून रक्तस्राव झाला. शस्त्रक्रियेनंतर २० मार्चला तो वारला. त्याच दिवशी चार वाटा झाल्या. मार्क्वेस, अर्ल आणि आयर्लंडचा बॅरन हे खिताब मुलगा नसल्याने संपले. स्कार्सडेलची बॅरनी, व्हायकाउंटपद आणि केडलस्टन पुतण्या रिचर्डकडे गेले. रेव्हन्सडेल थोरल्या आयरीनकडे. ग्रेस उरली मार्क्वेसची विधवा.

आयरीनची गोष्ट इथे संपत नाही. १९२५ पासून ती स्वतःच्या हक्काने बॅरनेस होती, पण वारसाहक्काने उमराव झालेल्या स्त्रियांना लॉर्ड्समध्ये बसता येत नसे. ती बंदी १९६३ मध्ये उठली. त्याआधी १९५८ मध्ये तहहयात उमरावपदाचा कायदा आला आणि पहिल्या यादीतल्या चार स्त्रियांमध्ये आयरीन होती. म्हणजे एकाच बाईकडे दोन बॅरनी : वारशाची, जी जागा देत नव्हती, आणि तहहयात, जी देत होती. १९६६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तहहयात खिताब संपला आणि वारशाचा रेव्हन्सडेल सिंथियाचा मुलगा, कादंबरीकार निकोलस मोझली याच्याकडे गेला.

कर्झन वायली आणि लॉर्ड कर्झन एकच का?

मुळीच नाही. १ जुलै १९०९ रोजी लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी गोळ्या घातल्या त्या सर विल्यम कर्झन वायलीला. तो हिंदुस्थानमंत्र्याचा राजकीय सहायक, माजी लष्करी अधिकारी. सावरकरांच्या चरित्रामुळे हे नाव मराठीत घरोघरी माहीत आहे, आणि घाईत ‘कर्झनला मारलं’ असं लिहिलं जातं. माजी व्हाइसरॉय त्यानंतर १६ वर्षं जगला.

आणखी दोन चुका टाळा. ‘लॉर्ड जॉर्ज कर्झन’ असं लिहू नये. ‘लॉर्ड’नंतर पाळण्यातलं नाव येतं ते ड्यूक किंवा मार्क्वेसच्या धाकट्या मुलग्यांच्या बाबतीत. आणि कुठे ‘व्हायकाउंट कर्झन’ दिसला तर तो बहुधा दुसऱ्या शाखेतला, अर्ल हाउ यांचा वारस असतो.

आज केडलस्टनला काय पाहता येतं? आणि कागदपत्रं कुठे?

वाडा १९८७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, डर्बी शहराच्या वायव्येला आठेक किलोमीटरवर. तळमजल्यावर कर्झनने पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. शेजारच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये मेरी आणि कर्झन यांचं दफन झालं आहे. वाडा वर्षभर रोज उघडा नसतो, जाण्याआधी वेळा तपासाव्यात. चर्चच्या वेळा वाड्याहून वेगळ्या असू शकतात.

कर्झनचा पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, युरोपीय हस्तलिखितांच्या एफ १११ आणि एफ ११२ या संग्रहांत आहे. वऱ्हाड, दुष्काळ किंवा गोखले यांवर काम करणाऱ्यांनी १८९९ ते १९०५ची हिंदुस्थानमंत्र्यांशी झालेली पत्रं आधी मागवावीत. यादीत शोधताना त्या-त्या वर्षीचा मंत्री माहीत असावा : १९०३ पर्यंत लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन, त्यानंतर ब्रॉड्रिक.